दाराला दिलेलं नाव

जयसिंगपुरात बापूशेठांचं साड्यांचं दुकान जळालं, त्यात तिथे विक्रीचं काम करणारी मंदाकिनी गुदमरून गेली. मागे दार होतं, पण त्यापुढे साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

वर्षभराने नवं दुकान उभं राहिलं. उद्घाटनाला शेठनी तिच्या आईला, गोदाक्कांना, मुद्दाम बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आक्का, दुकानाला तुमच्या लेकीचंच नाव देतोय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्का मागच्या दाराकडे बघत होत्या. तिथे आत्ताच मालाची खोकी येऊन पडली होती.

“नाव त्या दाराला द्या, शेठ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तिच्या नावापुढे तरी माल रचायला तुमचा हात धजणार नाही.”

शेठनी मान खाली घातली आणि ते स्वतः खोकी उचलू लागले. दार उघडलं, तशा गोदाक्का उंबऱ्यावरच बसल्या आणि लोकांदेखत रडल्या.