आखूड धागा

"काढायचीच होती, तर या बायकांनी बसवून घेतलीच कशाला, बाई?"

बाई भिजवलेले वाल सोलत राहिल्या.

शलाका समोरच्या खुर्चीत टोकावर बसली होती. डोंगरापलीकडच्या सरकारी दवाखान्यात ती डॉक्टर होती. सकाळची एसटी धरून आली होती. बाई म्हणजे डॉ. सुमती धोत्रे. कॉलेजात त्यांनी हिला बाळंतपणं शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्या खाडीकाठच्या या घरात एकट्या राहत. अडलेनडलेले जुने विद्यार्थी अजून त्यांच्याकडे येत.

शलाका अडलेली नव्हती. निदान निघताना तसं तिला वाटत नव्हतं. तिला शाबासकी हवी होती.

तिच्या दवाखान्याचं तालुक्यात नाव झालं होतं. तांबी बसवण्यात तिचा हात हलका. पोरवड्यानं पिचलेल्या बायकांना ती समजावून सांगायची. एकदा बसवली की वर्षानुवर्षं घोर नाही, रोज गोळी गिळायला नको, नवऱ्याच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. बायका ऐकायच्या, माना डोलवायच्या, बसवून घ्यायच्या.

आणि सणवार उलटायच्या आत काढायला परत यायच्या.

कुणाची कंबर धरायची. कुणाची सासू म्हणायची, ती वर चढून काळजात जाते. कुणाचा नवरा म्हणायचा, टोचतं. बहुतेकींचं गाऱ्हाणं एकच, अंगावरून फार जातं. शलाका त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायची आणि घरी पाठवायची. काढून मात्र द्यायची नाही. आज हिला काढून दिली तर उद्या अख्खी वाडी दारात उभी राहील, हे तिचं पक्कं मत होतं. पुढच्या वर्षी याच बायका पोट घेऊन रडत येतील, हेही तिनं पाहिलेलं होतं.

"त्यांच्या भल्यासाठीच ना, बाई?"

"...पुढे सांग," बाई म्हणाल्या.

पुढे वनिता भुवड होती.

वनिता काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. धाकटं पोर अंगावर पीत होतं तेव्हा तांबी बसवली. पहिल्यांदा ती सासूला घेऊन आली. म्हणाली, कारखान्यात सारखं उठू देत नाहीत, लुगडं भरतं, बाया तोंड फिरवतात. शलाकानं तिला तपासलं. जागेवर होती, काही बिघाड नव्हता. सुरुवातीला असं होतं, म्हणाली. सवय होईल.

दुसऱ्यांदा ती एकटी आली. आता घरातही कटकट सुरू झाली होती. महिन्यातले निम्मे दिवस ती बाजूला बसलेली. पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार? देवाचं काही करायचं म्हटलं की तीच नेमकी अडलेली. नवरा बोलत नव्हता, ताट सरकवून उठून जात होता. हे सगळं तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. शलाकाला घाई होती. बाहेर लसीकरणाची रांग होती. सवय होईल, ती पुन्हा म्हणाली.

तिसऱ्यांदा वनिता काही मागायला आली नव्हती.

तिनं पदराची गाठ सोडली आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. शलाकानं वाकून पाहिलं. वाळलेल्या रक्तात माखलेली तांबी होती. ओढून काढायच्या धाग्यासकट.

"ही तुमची, मॅडम. तुमच्यापाशी ठेवा."

कुणी काढली, शलाकानं विचारलं. कोणत्या भोंदूकडे गेली होतीस?

वनितानं उजव्या हाताची दोन बोटं वर करून दाखवली. काजूच्या चिकानं काळी पडलेली, सालपटं निघालेली बोटं. मग ती उठली आणि निघून गेली. शलाका तिला हाक मारायचंही विसरली. बाहेरची रांग तशीच उभी होती आणि ती टेबलाकडे बघत बसली होती.

एवढं सांगून शलाका थांबली.

बाईंचे हातही थांबले होते.

"आता कशी आहे ती?"

"नशीब तिचं, इजा झाली नाही. पण दिवस गेलेत, असं वाडीतल्या आशाताई सांगत होत्या. चौथं. अंगात रक्त नाही तिच्या... माझ्याकडे नाव घालायला आली नाही. कुठे जाते, कुणास ठाऊक."

"तू गेलीस तिच्या घरी?"

"...नाही."

खाडीवरून वारा आला. बाईंनी वालाच्या परातीवर ताट झाकलं.

"पण मी उपाय काढलाय, बाई." शलाका पुढे सरकली. इतक्या लांब ती हेच सांगायला आली होती. "तेव्हापासून मी धागा आखूड कापते. अगदी आत, मुळाशी. बोटाला लागतच नाही. आता एकीलाही ओढून काढता येणार नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

किती तरी वेळ पाहत राहिल्या. शलाकानं त्यांना प्रसूतिगृहात मेलेलं मूल हातात घेताना पाहिलं होतं. तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"...त्यांना सांगतेस? धागा कापलाय म्हणून?"

"सांगून कशाला, बाई? घाबरतील."

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. आतल्या खोलीत केळीची पानं आहेत, जेवायला घेऊन ये, म्हणाल्या. शलाका आत गेली. पानं कोपऱ्यात होती. ती वाकली, तोच मागे दार लागलं आणि बाहेरून कडी पडली.

तिला आधी हसू आलं. वाऱ्यानं दार लागलं असेल. मग वाटलं, वाऱ्याला कडी कशी घालता येईल?

"बाई?"

तिनं दार ढकललं. जुनं फणसाचं लाकूड, हललंसुद्धा नाही. खिडकीला गज होते. बाईंना विसर पडला असेल, तिनं मनाशी म्हटलं, वय झालंय. ती थोडी थांबली. मग मोठ्यानं हाक मारली. मग थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारू लागली. खोलीत उजेड होता, वारा होता, आणि तरी तिचा श्वास वर चढला. तिला मुक्काम करायचा होता. उद्या दुपारपर्यंत तिला कुठेही जायचं नव्हतं. पण आत्ता, या क्षणी, त्या दाराबाहेर पडण्याखेरीज तिला काही सुचत नव्हतं.

"बाई, दार उघडा!"

"हवा येते ना आत?" बाईंचा आवाज अगदी जवळून आला. त्या दाराला टेकूनच बसल्या होत्या. मघापासून.

"येते... पण..."

"तांब्यात पाणी आहे."

"आहे. बाई, उघडा ना."

"काही बिघाड नाही, शलाका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "सवय होईल."

शलाकाचा उगारलेला हात तसाच राहिला.

मग तो दारावरून हळूहळू खाली घसरला. ती खाली बसली. तिला रडूही येईना. दाराच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाई. मध्ये फक्त फळी. आपण किती जणींचे धागे कापले, ते आठवायचा ती प्रयत्न करू लागली. चेहरे आठवेनात. आठवली ती फक्त बाहेरची रांग.

कडी केव्हा निघाली, तिला कळलं नाही. दार उघडं होतं आणि बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हात पुढे केलेला. तो धरून शलाका उठली.

"बोलावून घेते सगळ्यांना," शलाका अखेर म्हणाली. "सांगते, धागा कापलाय म्हणून. हवी तेव्हा या, काढून देईन, असंही सांगते. आणि वनिताच्या घरी... उद्याच जाते."

बाईंनी मान हलवली.

शलाका उंबऱ्याशी घुटमळली. मनातली भीती तिला गिळवेना.

"पण बाई, असं सांगितलं तर सगळ्याच काढायला येतील."

"...येऊ देत," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे तर येतील."