पेवात लपलेली साळू

आपल्या पणज्याच्या पणज्यालाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. माळावरच्या एका गावात धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं मोठं. वरून ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि शेणकाल्याने लिंपून टाकायचं.

त्या गावात लेकरांना मारायची रीतच होती. काठीवाचून पोर वळत नाही, असं जो तो म्हणे. गावच्या कारभाऱ्याचंही तेच. साळू त्याची एकुलती एक लेक. तिच्यावर त्याचा जीव होता, पण हातात काठीही असायचीच.

पेवं भरायचा दिवस आला. आभाळ गच्च दाटलेलं, सगळ्यांची घाई. त्या गडबडीत साळूच्या धक्क्याने बियाण्याची पाटी शेणकाल्यात उपडी झाली.

"थांब, तुझी पाठच सोलतो!" कारभारी गरजला. साळू पळाली.

काम चालूच राहिलं. बऱ्याच वेळाने एक बाई म्हणाली, "कारभारी, साळू पेवांकडं पळाली होती. आत तर नाही ना उतरली?"

कारभारी ओरडला, "थांबा! ओतू नका!" तो पेवापेवाच्या तोंडाशी धावू लागला. "साळू! भाईर ये! ये म्हणतो न्हवं!"

आतून त्याचाच आवाज घुमून परत आला.

"नसंल आत," एक जण म्हणाला. "असती तर ओ दिली नसती का? पाऊस आला तर वर्साचं अन्न कुजंल, कारभारी."

कारभारी घुटमळला. ‘ओता’ एवढा एक शब्द तो बोलला असता, तर पाट्या पुन्हा ओतल्या गेल्या असत्या.

मेंढपाळांची एक म्हातारी लोकर देऊन ज्वारी न्यायला आली होती. ती म्हणाली, "दादा, आधी काठी टाक."

त्याने काठी भिरकावली आणि पुन्हा हाक मारली.

"हातातली टाकलीस, हाकंतली ऱ्हायली की," म्हातारी म्हणाली. "आमच्यात लेकरावर हात उचलत न्हाईत. रानात लांडगा आला, की हाकंसरशी लेकरू आपल्याकडं पळत यावं लागतं. मार खाल्लेलं लेकरू क्षणभर थबकतं. तेवढ्यात लांडगा नेतो."

"लाडानं पोरं बिघडत्यात, म्हातारे," कुणीतरी टोमणा मारला.

"बिघडलेलं सुधारता येतं रं. गेलेलं?"

कारभारी गुडघ्यांवर बसला. या वेळी ओरडला नाही, हलकेच म्हणाला, "साळू... बाळा, मला लई भ्या वाटतंय गं. कुठं हाईस तू?"

सगळे पेवांच्या तोंडांशी कान लावून बसले.

अर्ध्या भरलेल्या पेवातून बारीक आवाज आला, "बाबा, मारणार न्हाईस न्हवं?"

तो दोर बांधून स्वतः आत उतरला. अंधारात भिंतीला चिकटून साळू उभी होती. ज्वारी तिच्या गळ्याला लागली होती. इतका वेळ वरून पाटीमागून पाटी पडत होती, छाती दाबली जात होती, तरी पोरीने तोंडातून शब्द काढला नव्हता.

पोर वर आली आणि पाठोपाठ पाऊसही आला. पुष्कळ ज्वारी भिजली. गावाने ते वर्ष एक वेळ जेवून काढलं, पण लेकरांना आधी वाढलं, आणि त्यानंतर कुणी लेकरावर हात उचलला नाही.

म्हणून सांगतो, ज्या हाकेत मार असतो, त्या हाकेला लेकरू जीव जातानाही ओ देत नाही.