तांबेऱ्याची झाडे

“...मग ती झाडे अहवालात धरायचीच का, सर?”

हेरंबने हा प्रश्न सकाळपासून दुसऱ्यांदा विचारला. फळसंशोधन केंद्राच्या अंजीरबागेत तो क्षेत्रसहायक होता. पाने तपासणे, फळे तोलणे, रोगाच्या नोंदी ठेवणे हे त्याचे काम. आणि त्या कामात आपल्या तोडीचा दुसरा कोणी नाही, अशी त्याची खात्री होती.

वृद्ध खरवंडीकर सर बांधावर बसून छाटणीच्या करवतीला तेल लावीत होते. तांबेरा रोगाला बळी न पडणारा अंजिराचा वाण घडविण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले होते. ही त्या वाणाची अखेरची चाचणी. अहवाल आजच समितीकडे जायचा होता. तो अनुकूल असला तरच वाण शेतकऱ्यांच्या हाती पडणार होता.

“कोणती झाडे?”

“ओढ्याकडची. तुमच्याच वाणाची, पण त्यांच्यावर तांबेरा आला आहे. पाने गळत आहेत.”

“मग तसे लिही.”

“तसे लिहिले तर वाण नापास होईल!” हेरंब बांधाच्या टोकापर्यंत गेला, तसाच परत आला. “तिथे ओल फार आहे, सर. तेवढी झाडे वगळली की वाण निर्विवाद ठरतो. माझी नजर चुकत नाही.”

“आधी एका जागी उभा राहा. तुझ्याकडे पाहता पाहता माझी मान अवघडली.”

हेरंब उभा राहिला. हातांची चाळवाचाळव मात्र थांबली नाही.

सरांनी करवत त्याच्यापुढे धरली.

“चल, वगळ.”

“म्हणजे?”

“बुंध्यातून काप.”

“सर, थट्टा करता काय?”

“थट्टा करायची तर तुझ्या मिशीची करीन. काप.”

हेरंब तावातावाने ओढ्याकडे गेला. सर मागोमाग आले. त्याने बुंध्याला करवत लावून ओढली... दात सालीत शिरले, पांढरा चीक उमटला आणि त्याच्या बोटांवर ओघळला. वर, उघड्या पडलेल्या फांद्यांवर, हिरवी अंजिरे धरली होती.

त्याचा हात थांबला.

“कापवत नाही, सर.”

“का?”

“झाड... जिवंत आहे.”

सरांनी खाली पडलेले एक पान उचलले, उलटे केले. पानामागची तांबूस पूड त्यांच्या अंगठ्याला लागली. ती त्यांनी पुसली नाही...

हेरंबला ते पाहवेना.

“लोक काय म्हणतील? आयुष्यभर खपून खरवंडीकरांनी शेवटी तांबेराच वाढवला!”

“म्हणतील.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणाल, सर?”

सरांनी ओढ्याकाठची मूठभर माती घेतली, झाडाच्या जखमेवर थापली, तळव्याने दाबून धरली...

“हेरंब, ही झाडेही माझीच आहेत.”