गाढवाला कुडोस

पशुपक्ष्यांना एकमेकांची बोली कळायची त्या काळातली गोष्ट. ओढ्याला पूर आला, तेव्हा भोळोबा गाढवाने सशांचं अख्खं बिऱ्हाड पाठीवरून पैलतीरी नेलं. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. साहेबाच्या बंगल्यात वाढलेला पोपट फांदीवरून म्हणाला, "भोळोबा, कुडोस!"

भोळोबाचे कान ताठ झाले. "ओला की वाळका?"

"अरे, तो चारा नव्हे! इंग्रजीत मोठ्या शाबासकीला कुडोस म्हणतात."

"मग दोन द्या. भूक फार लागलीय."

"एक-दोन असं मोजत नाहीत त्याला!" पोपट खेकसला.

भोळोबाने मान खाली घातली. तेवढ्यात म्हाताऱ्या सशिणीने हरळीची पेंढी त्याच्यापुढे सारली. "दमलास रे बाबा, खा."

पेंढी फस्त करून भोळोबा म्हणाला, "पोपटराव, आता म्हणा तुमचं ते कुडोस. आता ऐकू येईल."