बोटभर जाडीची वायर

डोंगराच्या कुशीत हिवरपाडा नावाचं गाव होतं. तिथल्या घरोघरी वीज जोडली होती ती हैबती वायरमनने. त्याचं काम इतकं नेटकं, की त्यात खोट काढायला कोणी धजत नसे.

गावच्या दवाखान्यात वीज सारखी जायची. लसींचा फ्रिज बंद पडायचा, आणि आया तान्ह्या बाळांना घेऊन दोन डोंगर ओलांडायच्या. म्हणून तिथे सौरऊर्जेचा इन्व्हर्टर आला. हैबतीने एका दिवसात जोडणी केली. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत त्याने घरात वापरतात तीच वायर ओढली. दिवे लागले, लोक खूश झाले.

उद्घाटनाच्या सकाळी शेजारच्या पाड्यावरची पार्वती भोये आली. ती सौर जोडणीचं काम शिकलेली होती. वायर बघून ती थबकली. बॅटरीत विजेचा दाब घरातल्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह कितीतरी जास्त लागतो. इथे वायर बोटभर जाड आणि जमेल तेवढी आखूड हवी, असं तिने हैबतीला सांगितलं.

हैबती दुखावला. तीस वर्षांत आपली एक वायर जळालेली नाही, असं त्याने सुनावलं.

पार्वती शांतपणे म्हणाली, "काका, नुसत्या दिव्यांवर पारखू नका. सगळा भार टाका आणि वायरला हात लावून बघा."

हैबतीने फ्रिज लावला, हत्यारं उकळायचं विजेचं भांडंही लावलं. पाच मिनिटांत वायरवर हात ठेववेना. जळका वास सुटला. त्याने स्वतःच बटण बंद केलं.

तेवढ्यात सरपंच आले. पाहुणे वाटेत होते. आज फक्त दिवे लावू, वायर मागाहून बदलू, असा त्यांनी आग्रह धरला.

हैबतीने नकारार्थी मान हलवली. "पाहुणे तासाभरात जातील, सरपंच. लसी इथंच राहणार आहेत. चूक माझी आहे, पाहुण्यांना मीच सांगतो."

त्याने सांगितलंही, सगळ्यांसमोर. मग पार्वतीजवळ बसून भार किती, अंतर किती, त्यावरून वायर किती जाड, हा हिशेब त्याने शिकून घेतला. चौथ्या दिवशी त्याने जाड वायर ओढली. दिवसभर सगळं चालवलं, तरी वायर गारच राहिली.

त्या आठवड्यात हिवरपाड्यात अकरा बाळांना लस टोचली गेली. एकाही आईला डोंगर चढावा लागला नाही.

तात्पर्य: भार पाहून वायर निवडावी, आणि चूक कळताच ती चारचौघांत कबूल करून सुधारावी, खरा कारागीर यानेच ओळखला जातो.