काळ्या माळाचे तितर

एका राज्यात पांढऱ्या मातीच्या माळावर पांढरे तितर नांदत, आणि ते माणसांशी बोलत. राजा चंद्रकेतूला त्यांचा भारी अभिमान. एखादे पिल्लू काळ्या ठिपक्यांचे निपजले, की ते मारायचे, ही तिथली रीत. हे काम तरला नावाच्या राखणदारणीकडे होते, आणि दरवेळी तिचा जीव तुटे.

एकदा राजाने तहानेल्या मांत्रिकाला पाणी नाकारले. मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझे तितर घटतील, तसे तुझे झरे आटतील. तितरांना खरे अभय मिळेल, तेव्हाच पाणी परतेल."

त्याने डोंगराला हाक मारली. डोंगराने तीन दिवस राख ओकली आणि माळ काळाकुट्ट झाला. काळ्यावर पांढरा पक्षी लपणार कुठे? ससाण्यांची चंगळ झाली.

राजाने माळाला चुना फासला. एका पावसात तो धुऊन निघाला. त्याने ससाणे मारवले. मग उंदीर माजले आणि त्यांनी अंडी फस्त केली. त्याने पिंजरे आणले. पिंजऱ्यात तितरांनी अंडीच घातली नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा सोडावे लागले. तिन्ही उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अखेर एकच झरा उरला.

एक म्हातारा तितर म्हणाला, "तरले, काळी पिल्ले आमच्यात नेहमीच निपजत. तूच त्यांना जगू दिले नाहीस."

"राजाज्ञा होती." तरलेची मान खाली गेली.

"आणि आता?"

"आता माझे डोके गेले तरी बेहत्तर."

तिने ठिपक्यांची पिल्ले गुपचूप माळावर सोडली. दुरून नव्याने आलेल्या ससाण्यांनी पांढरे टिपले, काळे त्यांना दिसलेच नाहीत. काळ्यांची पिल्ले आणखी काळी निपजली. अशी सात वर्षे गेली.

राजा माळावर आला. "एकही तितर नाही! तू दगा दिलास." त्याने तलवार उपसली.

तरलेने टाळी वाजवली. उभा माळच्या माळ उडाला. हजारो काळ्या पंखांनी सूर्य झाकला. राजाच्या हातून तलवार गळाली. तरलाही भान हरपून बघत राहिली; इतके असतील, हे तिलाही ठाऊक नव्हते.

"हे... माझेच तितर?" राजाने विचारले.

"तुमचेच, महाराज. माळ बदलला, तसे तेही बदलले."

"आणि उद्या वाऱ्याने राख उडून गेली तर?"

"तर एखादे पांढरे पिल्लू निपजेलच. फक्त त्याला कुणी मारू नये."

राजा मोठ्याने म्हणाला, "आजपासून निपजेल त्या प्रत्येक पिल्लाला माझे अभय."

शब्द तोंडून निघतात न निघतात, तोच त्याच्या पायाखालची राख ओली झाली.