काम थांबता कामा नये

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. सोपान त्याचं नाव. दूध संघात दुधाच्या नोंदी सांभाळायचा. दूध घालायला येणारी वत्सला त्याला मनापासून आवडायची आणि तिच्याशीच त्याचं लग्न ठरलं होतं. स्वारी भलतीच खुशीत होती.

संघातला संगणक बंद पडला की किटल्यांची रांग लागायची. म्हणून शहरातून देवयानीताई आल्या. म्हणाल्या, "एका खऱ्या संगणकाच्या पोटात आभासी संगणक चालवता येतो. तसे दोन तयार कर. एक बंद पडला की दुसरा काम उचलेल. काम क्षणभरही थांबता कामा नये."

सोपानने दोन्ही एकाच खऱ्या संगणकाच्या खोक्यात बसवले. खोकं बंद पडलं, दोन्ही गेले.

ताई म्हणाल्या, "अरे शहाण्या, जोडीतले दोघं एका जागी ठेवू नयेत."

सोपानला पटलं. त्याने एक संगणक संघात ठेवला, दुसरा शाळेत. मग घरी गेला, एक चप्पल दारात ठेवली आणि दुसरी मामाच्या गावी पाठवली.

दुसऱ्या दिवशी तो एका पायात चप्पल घालून आला. ताईंनी पायाकडे बघायचं टाळलं.

"आता दोघांनी सारखं एकमेकांना विचारायचं, आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही, तर तो गेला समजायचं आणि त्याचं काम आपण करायचं."

सोपानने संगणकांना ते शिकवलं. घरी त्याचे वडील, आबा, झोपले होते.

"आबा, आहात का? आहात का? आहात का?"

आबा घोरत होते. सोपानने आबांची टोपी घातली, आबांचा चहा प्यायला आणि आईवर ओरडला, "साखर कुठाय?"

आबा उठले. टोपी काढून घेत म्हणाले, "गाढवा, ही अक्कल घरात नको. जिथे काम थांबून चालत नाही, तिथे वापर."

सोपानने बराच विचार केला. मुहूर्त थांबून चालत नाही.

लग्नाच्या दिवशी मावसभाऊ तुळशीराम सोपानसारखाच फेटा, तशाच मुंडावळ्या बांधून आला. दोघं एका गाडीतून आले नाहीत. भटजींनी सोपानला बजावलं, "मंगलाष्टकं संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही."

मंगलाष्टकं सुरू झाली. मागून तुळशीरामने विचारलं, "दादा, आहेस का?"

सोपान गप्प.

"आहेस का? आहेस का?"

सोपानने ओठ आणखी घट्ट मिटले. तुळशीरामने त्याला हळूच बाजूला सारलं. अंतरपाट खाली आला. वत्सलाने लाजून, मान खाली घालूनच हार घातला.

मांडवात गलका झाला. सोपान मात्र धावत देवयानीताईंकडे गेला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, जमलं. लग्न क्षणभरही थांबलं नाही."